लाल शाईचा हक्क कुठवर?

शालेय निबंधाची समीक्षा कोणी करीत नाही. तो लिहिला जातो, तपासला जातो आणि वर्ष सरले की रद्दीत जातो. वास्तविक पाहता भाषेचे पहिले संपादन त्या वहीतच होते. पुढे कोण लिहिणार आणि कोण कायमचे गप्प बसणार, याचा बराचसा निकालही तिथेच लागतो. म्हणून या दुर्लक्षित संपादनाचा विचार व्हायला हवा.

मराठीतील एका विद्यार्थिनीचा निबंध मात्र रद्दीत गेला नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. आजच्या गुणदानाच्या कोष्टकात हा निबंध ठेवून पाहा. धर्मग्रंथावर आपला हक्क नाही, मग आपला धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. तिथून ती पेशवाईतील जुलमावर येते, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे हाल सांगते आणि आपल्याच लोकांना शिका म्हणून विनवते. 'मुद्द्यांची सुसूत्रता नाही', 'भाषा भडक आहे' असे शेरे मारणारा परीक्षक सहज सापडेल. पण त्या निबंधाची बांधणी अनुभवाच्या क्रमाने झालेली आहे. तो क्रम नीट लावायला गेलो असतो तर निबंध नेटका झाला असता आणि मुक्ता त्यातून निघून गेली असती.

शुद्धलेखनाचे म्हणाल तर मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ चे. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. त्याआधी जे अनुस्वार देणे शुद्ध होते, ते देणे नंतर अशुद्ध ठरले. शुद्धता ही अशी काळानुसार ठरवून घेतलेली सोय आहे. ती सोय मुलांना शिकवलीच पाहिजे, कारण उद्या अर्ज, परीक्षा, नोकरी सगळीकडे तीच विचारली जाणार. मात्र याच नियमांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मूळाप्रमाणे छापावे असेही सांगितले आहे. पात्राच्या तोंडच्या बोलीतल्या रूपांनाही त्यांत जागा आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही लाल शाईला मर्यादा घालावीशी वाटली होती.

ती मर्यादा आमच्या जामनेरकडच्या वह्यांत पाळली जाते का? इथल्या मुस्लिम मुलाची भाषा एकपदरी नसते. घरात दख्खनी वळणाची हिंदुस्थानी, गल्लीत तावडी, कुराणपठणाची अरबी, शाळा उर्दू असेल तर पुस्तकाची उर्दू, आणि या सगळ्यांनंतर प्रमाण मराठी. तो 'केळी'ला 'केयी' लिहितो, 'शाळा'ला 'शाया'. इथे शिक्षकाने 'ळ' शिकवावा. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण तो 'फुफी' लिहितो आणि तिच्यावर काट मारून वर 'आत्या' लिहिले जाते, तेव्हा शुद्धलेखन संपलेले असते. चूक सुधारली गेली नाही, एक माणूस बदलला गेला. गंमत अशी की परका म्हणून तो शब्द ज्या शाईने खोडला ती शाई, तो कागद, ते दप्तर आणि खाली केलेली सही हे सारेच शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत.

याहून गंभीर प्रकार 'माझा आवडता सण' या विषयात घडतो. मुलाला ईद लिहायची असते. नमाजाला जाताना अब्बांचे बोट, शेजारच्या काकूंकडे पोचवलेला शीरखुर्मा, नव्या कपड्यांसाठी झालेली ओढाताण त्याच्याजवळ असते. पण गाईडात दिवाळीचा निबंध तयार असतो आणि त्यात एकही चूक नसते. पाठ केलेल्या दिवाळीला चांगले गुण आणि अडखळत लिहिलेल्या ईदीला लाल रेघा, असा व्यवहार दोनदा झाला की मूल शहाणे होते. खरे लिहिणे तोट्याचे आहे हे ते शिकते. दिवाळी हाही त्याचा आवडता सण असू शकतो. मग त्याने आपली पाहिलेली दिवाळी लिहावी, गाईडातली नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात संपादनाचा चांगला धडा आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी टिपून ठेवणारे चिरंजीव सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी. १९५२ साली गाणी छापली गेली ती बोलीचे रूप राखून. 'डोया'चा 'डोळा' केला असता, तर महाराष्ट्राला खानदेशाचा आवाज ऐकूच आला नसता.

मग शिक्षकाने करावे काय? पहिले वाचन पेन बाजूला ठेवून करावे. दुसऱ्यात काट मारण्याऐवजी समासात प्रश्न लिहावा: 'फुफी कुठे राहते? ती तुला काय म्हणाली?' उत्तरे घालून मुलाने निबंध पुन्हा लिहावा. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, परिच्छेद यांचा क्रम त्यानंतर. वर्गात पन्नास-साठ वह्या असताना प्रत्येक वेळी हे जमणार नाही, हे खरे. पण सत्रात एक निबंध तरी असा दोनदा लिहून घेता येतो.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण विचारत आलो आहोत की मराठी साहित्यात आमचे जगणे का उमटत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर सातवी-आठवीच्या वहीत, काट मारलेल्या शब्दाखाली पडून आहे. आपल्या वार्षिकांनी दरवर्षी चार पाने विद्यार्थ्यांच्या अशा पुन्हा लिहिलेल्या निबंधांसाठी राखून ठेवावीत. 'ज्ञानोदय'ने १८५५ साली एका शाळकरी मुलीला जागा दिली, म्हणून आज आपण तिला वाचू शकतो.