फसलेल्या प्रयोगाची कादंबरी : ‘ड्रॅगन्स किन’

दोघांनी मिळून लिहिलेली कादंबरी हाती आली की कोणते पान कोणाचे, याचा शोध सुरू होतो. ॲन मॅकॅफ्री आणि त्यांचा मुलगा टॉड यांच्या ‘ड्रॅगन्स किन’च्या (२००३) बाबतीत तो शोध मला फारसा फलदायी वाटत नाही. या सहलेखनातून मालेतला कोणता विषय वर आला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

पर्न या ग्रहाची ही कथामाला १९६७ साली ‘ॲनालॉग’ मासिकातल्या ‘वेअर सर्च’ने सुरू झाली. आकाशातून पडणारे, सजीव ते सारे फस्त करणारे ‘थ्रेड’ आणि त्यांना हवेतच जाळणारे ड्रॅगन हा तिचा गाभा. ड्रॅगन इथे जादूचे नाहीत. माणसांनी स्थानिक सरड्यांच्या जनुकांत फेरफार करून ते घडवले, हे ‘ड्रॅगन्सडॉन’मध्ये (१९८८) येते. त्याच खटाटोपातून ‘वॉच-व्हर’ निपजले : ओबडधोबड, उजेडाला बुजणारे. तिथे तो फसलेला प्रयोगच ठरतो. ‘ड्रॅगनफ्लाइट’मधला (१९६८) वॉच-व्हर लेसाच्या हाकेसरशी स्वतःचा जीव गमावतो आणि कथानक पुढे निघून जाते.

‘ड्रॅगन्स किन’ त्याच्यापाशी थांबते. स्थळ कोळशाची खाण, काळ थ्रेड न पडण्याचा. म्हणजे मालेचे हुकमी नाट्य मुळातच वजा. दुर्घटनेत किंडन या मुलाचे वडील, भाऊ आणि घरचा वॉच-व्हर दगावतात. पुढे किस्क हे पिल्लू त्याच्याकडे येते. पण किस्कला अंधारात उष्णता ‘दिसते’, हे उमगते ते न्युएलाला. ती अंध आहे आणि खाणप्रमुख बापाने तिला जगापासून लपवून ठेवले आहे. ज्या दोघींना लोकांनी बिनकामाचे मानले, त्याच गाडलेल्या खाणकामगारांपर्यंत पोहोचतात. शेवटी किंडन किस्कला न्युएलाच्या हाती सोपवतो. हा त्याग लेखकद्वयाने फार घाईने उरकला आहे. तिथे रेंगाळायला हवे होते. टारिक हा खलपुरुष तर निव्वळ सोयीपुरता.

तरीही कादंबरी टिकते, कारण वॉच-व्हरचे मोल इथे कामातून आणि सहवासातून कळते. टॉडने एकट्याने लिहिलेल्या ‘ड्रॅगन्सब्लड’मध्ये (२००५) मात्र हे प्राणी रात्री पडणाऱ्या थ्रेडसाठी हेतुपुरस्सर घडवल्याचा खुलासा मिळतो. मालेची संगती राखायला तो उपयोगी असेल (मालेच्या निष्ठावंतांना असे खुलासे प्रिय असतात!), पण त्याने न्युएलाचा शोध उणावतो. तिने एका चुकलेल्या जिवात गुण पाहिला होता. खुलाशानंतर तो गुण निर्मातीने आधीच ठेवलेला होता असे ठरते आणि न्युएलाकडे फक्त तो वाचून दाखवण्याचे काम उरते.