नेमून दिलेला पाठ

वारकरी कीर्तनात निरूपणाचा अभंग बहुधा कीर्तनकारच निवडतो. काला असला, पुण्यतिथी असली, तर विषय ठरलेला. एरवी निवड आपली. या मोकळिकीत एक धोका आहे. जो अभंग आपल्याला रंगवता येतो, तो आपण पुन्हा पुन्हा घेतो. जो आपल्यालाच टोचतो, तो गाथेत पडून राहतो.

कॅथलिक ख्रिस्ती मंडळींच्या रोजच्या शास्त्रवाचनाकडे मी याच बाजूने पाहतो. रोजच्या मिस्सेत काय वाचायचे, हे सहसा धर्मगुरूच्या आवडीवर सोडलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली नवा वाचनक्रम ठरला. रविवारचा क्रम तीन वर्षांनी फिरून येतो, इतर दिवसांचा मुख्यतः दोन वर्षांनी. आधी एक उतारा, मग स्तोत्र, शेवटी येशूच्या चरित्राचे म्हणजे शुभवर्तमानाचे वाचन. त्या वेळी सारे उभे राहतात आणि कपाळावर, ओठांवर, छातीवर क्रूसाची खूण करतात. आपल्या वसईत हे मराठीतही चालते. त्यांचा सिद्धांत आणि आपला वेगळा. तो वाद येथे नाही. पाहायची आहे ती वाचनाची रीत.

एका दिवसाचेच वाचन घेऊ. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी, तीन पाठ एकत्र येतात. पहिला होशेय संदेष्ट्याचा. लोक म्हणतात, चला, देवाकडे परत जाऊ. आणि देव त्यांना सांगतो की तुमचे प्रेम पहाटेच्या दवासारखे आहे, ऊन आले की नाहीसे होते. मला यज्ञबळी नकोत, दया हवी. दुसरे एक्कावन्नावे स्तोत्र, दावीद राजाच्या पश्चात्तापाचे. त्यात देवाला वाहायची वस्तू म्हणजे भंगलेले मन. तिसरी लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट. दोघे मंदिरात जातात. परूशी आपल्या उपवासांची आणि दानाची यादी देवापुढे वाचतो, आणि मी इतरांसारखा नाही म्हणून आभार मानतो. जकातदार लांब उभा राहून, मान खाली घालून, छाती बडवत फक्त दया मागतो. घरी जाताना देवाला मान्य ठरतो तो दुसरा.

हे तीन पाठ शेजारी ठेवणाऱ्याला प्रमाण देण्याची कला अवगत होती, असे मी म्हणेन. मूळ अभंगाला आपण दुसऱ्या संताचे वचन जोडतो आणि एकाचा अर्थ दुसऱ्याने उघडतो, तसेच हे आहे. होशेय दोष दाखवतो, स्तोत्र औषध सांगते, आणि गोष्ट विचारते की यातला तू कोण?

उत्तर सोपे नाही. माळ, एकादशी, वारी हे आपले भूषणच. पण आपल्या वाऱ्या मोजून दुसऱ्याच्या मोजायला लागलो की परूश्याच्या रांगेत उभे राहिलो. आणि गोष्ट ऐकून ‘बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही’ असे मनात आले, तरीही त्याच रांगेत! नम्रतेचाही अभिमान होतो. असा पाठ मनाजोगता निवडून कोणी घेत नाही. तो नेमून दिलेला असावा लागतो.

आता उणीव सांगतो. त्या दिवशी स्तोत्राच्या मोजक्याच ओळी म्हटल्या जातात. दाविदाने उरियाची बायको नेली आणि उरियाला रणात मारवले, ते पाप तिथे कळत नाही. पाप न कळता पश्चात्ताप ऐकला तर तो गोड वाटतो, जड वाटत नाही. तुकडा वाचण्याचा हा दोष आहे. आपल्या सप्ताहात ज्ञानेश्वरी अखंड वाचली जाते, एक ओवी गळत नाही. पण तिथे वेगळा दोष शिरला आहे. सात दिवसांत सुमारे नऊ हजार ओव्या संपवायच्या म्हणून वाचणारा धावतो आणि ओवी मागे राहते. त्यांचे थोडे आहे पण तुटलेले. आपले पूर्ण आहे पण घाईचे.

यावर उपाय त्यांच्याच जुन्या परंपरेत दिसतो. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासी साधूने वाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत दर्शन. श्रवण, मनन, निदिध्यासन आपल्याला ठाऊकच आहे. फरक तिसऱ्या पायरीत. मननाने अर्थ कळला तरी तो आपल्या बळावर हाती लागत नाही. तो मागावा लागतो. आपल्या संतांनीही दुसरे काय केले? जे कळले तेच विठ्ठलाच्या पायाशी पदर पसरून मागितले.

म्हणून पारायण जरूर करावे, पण सप्ताह उठल्यावर ग्रंथ बासनात बांधून ठेवू नये. रोज क्रमाने येईल ती एकच ओवी घ्यावी. आवडो वा न आवडो, चुकवू नये. मागचा-पुढचा संदर्भ पाहावा, दिवसभर घोळवावी, आणि रात्री पांडुरंगाला म्हणावे, हे मला कळले, आता मला दे. आज येणारी ओवी टोचणारी असेल, तर ती आपल्यासाठीच आहे असे समजावे.