आळ कुणी घेतला?

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चिंचवडच्या कारखान्यात रात्रपाळी करून मी ते वाचले. लेखक स्वतः लातूरच्या सूतगिरणीत राबलेला, त्यामुळे पुस्तक अधिकच जवळचे वाटले. त्यावर लिहिलेले जे हाती आले तेही वाचत गेलो. त्या समीक्षेविषयी माझी तक्रार आहे.

माझ्या वाचनात आलेल्या बऱ्याच लेखांत या आत्मकथनाचा गौरव ‘प्रांजळ कबुली’ म्हणून झाला. लेखकाने घरच्या चोऱ्या लपवल्या नाहीत, याचे पांढरपेशा वाचकाला कौतुक वाटले. पण कबुली हा शब्द पोलीस ठाण्यातला आहे. तो वापरताना समीक्षक नकळत फौजदाराच्या खुर्चीत जाऊन बसला. पुस्तकात दोन गोष्टी आहेत : पोटासाठी केलेली चोरी आणि न केलेल्या चोरीसाठी खाल्लेला मार. पहिलीची चर्चा झाली. दुसरी केवळ तपशील ठरली. चोरी केलेल्या माणसावरही खोटा आळ येऊ शकतो आणि तोही अन्यायच असतो, एवढी साधी गोष्ट आमच्या समीक्षेने मांडली नाही.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, तू काय केलेस, असे विचारत नव्हता. कुणाच्या पोटी जन्मलास, एवढेच विचारत होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. कागद रद्द झाला, नजर राहिली.

ती नजर मी स्वतः पाहिली आहे. आमच्या खात्यात ठेकेदाराकडचा एक हेल्पर होता, विमुक्त जमातीतला. एकदा स्टोअरमधून तांब्याच्या तारेचे बंडल नाहीसे झाले. चौघांनी एका दमात त्याचे नाव घेतले. मी गप्प बसलो. चार दिवस तो कोठडीत होता. पाचव्या दिवशी बंडल शेजारच्या खात्यात सापडले. वहीत नोंद करायची राहून गेली होती. तो सुटून आला. माफी कुणी मागितली नाही, मीही नाही. त्यानंतर तो गेटवर वॉचमनने सांगण्याआधीच दोन्ही हात वर करून उभा राहू लागला. एकदा म्हणाला, “दादा, म्या चोरी केली न्हाई हे समद्यांना कळलं. पर कळून काय झालं?” महिन्याभरात त्याने काम सोडले.

त्याच्या प्रश्नाला न्यायालयापाशीही पुरते उत्तर नाही. नाशिकजवळ २००३ साली झालेल्या दरोडा आणि खुनांच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना फाशी सुनावली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने पुनर्विचार करून सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्ष साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून ओळखलेली माणसे वेगळीच होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. भाग करून पाहा : वर्षाला सुमारे एकतीस हजार. त्यात फाशीची वाट पाहिलेल्या रात्री कशा मोजायच्या?

ते मोजण्याचे काम साहित्याचे आहे. आमच्या आत्मकथनांनी ठाण्यातला मार लिहिला, कोठडी लिहिली. सुटून आल्यावरचे आयुष्य मात्र फार थोडे लिहिले गेले : बंद झालेले काम, शेजाऱ्यांची नजर, आपणहून वर जाणारे हात. निर्दोष सुटणे हा कथेचा शेवट मानण्याची चूक लेखकांनी करू नये आणि समीक्षकांनी खपवून घेऊ नये.

आपली भाषाही इथे तपासली पाहिजे. ‘आळ आला’ असे आपण म्हणतो, जणू तो वळवाच्या पावसासारखा आभाळातून येतो. कर्ता त्यात लपून जातो. दलित समीक्षेने प्रत्येक पानावर तो कर्ता शोधावा. आपल्यात असला तरी शोधावा. आमच्या खात्यात त्या दिवशी आळ आला नव्हता. चौघांनी तो घेतला होता आणि पाचव्याने, म्हणजे मी, घेऊ दिला होता.