गिटारचा दुसरा हात

दर काही महिन्यांनी कुणीतरी जगातल्या थोर गिटारवादकांची यादी काढतं आणि दर वेळी तोच अन्याय नव्याने होतो. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ साली शंभर नावं छापली, तेव्हा मेटालिकाचा कर्क हॅमेट ११व्या क्रमांकावर होता आणि ज्याच्या बोटांतून मेटल जन्माला आलं तो ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी ८६व्या. २०२३ साली त्याच मासिकाने अडीचशे नावांची यादी केली आणि चक बेरीला हेन्ड्रिक्सच्या पाठोपाठ दुसरं स्थान दिलं. हे शहाणपण उशिरा का होईना आलं म्हणून मला आनंद झाला होता. तो टिकला नाही.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथने आपला शेवटचा कार्यक्रम केला. मेटालिका, स्लेअर, पँटेरा, टूल, गोजिरा, मॅस्टोडॉन सगळे तिथे हजर होते आणि प्रत्येकाने सॅबथचं निदान एक तरी गाणं वाजवलं. तीन पिढ्यांचे वादक आयोमीच्या रिफपुढे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीच्या तुकड्यापुढे, नतमस्तक झाल्याचं सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतरही गिटारवरची चर्चा पुन्हा तिथेच येऊन थांबली: सर्वांत वेगवान कोण, सर्वांत अवघड सोलो कुणाचा, सेकंदाला किती स्वर. याचा मला संताप येतो. ज्या हाताने हे संगीत घडवलं त्या हाताकडे कुणी बघतच नाही.

गिटार दोन हातांनी वाजते. एक हात पडद्यांवर फिरतो, दुसरा तारा छेडतो. पडद्यांवरचा हात दिसायला देखणा असतो, कॅमेऱ्याला आवडतो आणि सोलोत सगळं लक्ष वेधून घेतो. छेडणारा हात एका जागी असतो. पण गाणं किती जड लागतं, कुठे श्वास घेतं, ढोलाच्या किंचित पुढे धावतं की मागे रेलतं, हे सगळं तोच ठरवतो. रॉकमधली आणि त्याहून अधिक मेटलमधली खरी कला या दुसऱ्या हातात आहे. जे अवाजवी गाजले ते बहुतेक पहिल्या हाताचे कलावंत आहेत आणि ज्यांची उपेक्षा झाली ते बहुतेक दुसऱ्या हाताचे.

आयोमीची कथा सगळ्यांना पाठ आहे: डावखुरा मुलगा, बर्मिंगहॅमचा पत्र्याचा कारखाना, वयाच्या १७व्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची तुटलेली टोकं, वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून घरीच बनवलेल्या टोप्या. ही कथा नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला ती कलेची कथा वाटते. पडद्यांवरचा हात जायबंदी झाल्यावर आयोमीने हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या आणि १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’पर्यंत काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली नेली. ‘इन्टू द व्हॉइड’चा तो ओला, जमिनीला टेकलेला नाद त्यातून आला. कमी स्वर, त्यांच्यामध्ये भरपूर जागा आणि प्रत्येक आघाताला त्याचं पूर्ण वजन, हे त्याचं व्याकरण आज डूम, स्लज आणि स्टोनर या सगळ्या शाखा वापरतात. एका वादकाने एवढी भाषा घडवल्याचं दुसरं उदाहरण या संगीतात नाही.

आणि मॅल्कम यंग! एसी/डीसी म्हटलं की शाळेच्या गणवेशात रंगमंचभर धावणारा अँगस आठवतो. त्याचा थोरला भाऊ मागे ढोलांच्या शेजारी उभा असायचा, कोरस गाण्यापुरता माइकपाशी यायचा आणि पुन्हा आपल्या जागी जायचा. त्याच्या जुन्या ग्रेच गिटारवर पुलाजवळचा एकच पिकअप शिल्लक होता, बाकीचे त्याने काढून टाकले होते. तारा जाड, अॅम्प्लिफायरचा आवाज मोठा, पण विकृती (डिस्टॉर्शन) मात्र थोडीच. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विकृती वाढवली की हाताच्या चुका झाकल्या जातात, सगळे आघात एका पातळीवर येतात. मॅल्कमने ती सोय नाकारली. म्हणून त्याच्या प्रत्येक कॉर्डमधली एकेक तार सुटी ऐकू येते आणि एक आघात जरी चुकला असता तरी तो लगेच कळला असता.

१९८० सालच्या ‘बॅक इन ब्लॅक’ची सुरुवात ऐका. तीन साध्या कॉर्ड्स, आणि त्यांच्यामध्ये नि:शब्द जागा. ती जागा इतकी नेमकी आहे की श्रोत्याचं डोकं आपोआप तिथे हलतं. गिटार शिकणारं पोर आठवड्याभरात त्या कॉर्ड्स लावू शकतं, पण ती शांतता वाजवणारा माणूस मला अजून दुसरा भेटलेला नाही. तबल्यावर नुसता ठेका धरून मैफल उचलणारा साथीदार आपल्याकडे जाणकारांना ओळखता येतो, त्याच्या नुसत्या ‘धा’ला दाद जाते. मॅल्कमला ही दाद हयातीत फार थोड्यांनी दिली. स्मृतिभ्रंशामुळे २०१४ साली त्याने वादन सोडलं आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी, ६४व्या वर्षी, तो गेला. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की या बँडचा कणा कोण होता.

मेटालिकाबद्दलही हेच. हॅमेटचा ११वा क्रमांक मला आजही खटकतो, कारण त्या बँडच्या ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्डवर जवळजवळ सगळी रिदम गिटार जेम्स हेटफिल्डने एकट्याने, थरावर थर चढवत वाजवलेली आहे. १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्याची लय मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या वर जाते आणि हेटफिल्ड तिथे जवळपास सगळे आघात खालच्याच दिशेने देतो. वर-खाली छेडलं तर श्रम निम्मे होतात, पण मग एक आघात जड आणि एक हलका पडतो. सगळे खाली दिले की प्रत्येकाला सारखाच दात येतो आणि तळहाताची कड पुलावर टेकवलेली असल्याने आवाज उमटता उमटताच छाटला जातो. शिवाय हे सगळं करत तो गातो. त्याच गाण्याच्या संथ मध्यभागातला पहिला, गोड सोलोही त्याचाच, आणि ‘नथिंग एल्स मॅटर्स’मधलाही. तरी सोलोवादक म्हणून नाव हॅमेटचं.

खालच्या आघाताची ही शाळा जॉनी रमोनने १९७६ साली उघडली होती. रमोन्सच्या पहिल्या रेकॉर्डवर सोलो शोधावा लागतो, आणि तरीही पंकपासून थ्रॅशपर्यंतच्या वादकांची मनगटं त्याने घडवली. स्लेअरचा जेफ हॅनमनही याच कुळातला. त्याचे सोलो किंचाळत येतात आणि विसरले जातात. पण ‘रेन इन ब्लड’ची २९ मिनिटं आजच्या टोकाच्या मेटलची बाराखडी आहेत, आणि त्यातले ‘एंजल ऑफ डेथ’चे आणि ‘रेनिंग ब्लड’चे रिफ हॅनमनचे.

गन्स एन’ रोझेस मे २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजून गेले. लोक स्लॅशसाठी लोटले होते आणि स्लॅश गुणी आहे, त्याचे सोलो गुणगुणता येतात. पण १९८७च्या ‘अॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’मध्ये एका कानात स्लॅश आणि दुसऱ्या कानात इझी स्ट्रॅडलिन आहे. स्लॅशचा कान बंद करून ती रेकॉर्ड ऐका. इझी कुठे अर्धी कॉर्ड सोडून देतो, कुठे ठोक्याच्या मागे रेंगाळतो, आणि त्या ढिलाईतून ती सगळी बेफिकिरी जन्माला येते. १९९१च्या अखेरीला तो बँडमधून बाहेर पडला. त्यानंतर जुन्या मंडळींनी दुसऱ्यांच्या गाण्यांची एक रेकॉर्ड काढली, आणि स्वतःच्या नव्या गाण्यांची पुढची रेकॉर्ड यायला २००८ उजाडलं, तीही स्लॅशशिवाय. कारणं बरीच होती, पण गाणी कोण आणत होता हे या मोठ्या खंडातून कळतं. महालक्ष्मीला इझी नव्हता आणि त्याची आठवण काढणारे थोडेच होते.

ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याचं नाव मात्र डेनिस दामूर, टोपणनाव पिगी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या जोंकिएर गावचा, व्हॉयव्हॉड या बँडचा गिटारवादक. सगळं थ्रॅश जाड, सरळ पॉवर कॉर्ड्सवर धावत असताना पिगी एकमेकांना खेटलेले, न जुळणारे स्वर एकाच कॉर्डमध्ये बसवत होता. १९८८चं ‘डायमेन्शन हॅट्रॉस’ आणि १९८९चं ‘नथिंगफेस’ लावा. रिफ वाकडा येतो, कानाला बोचतो, तिसऱ्या आवर्तनाला तो अपरिहार्य वाटू लागतो. पुढच्या पिढ्यांच्या बेसूर म्हणवणाऱ्या डेथ आणि ब्लॅक मेटलमध्ये जे ऐकून आज समीक्षक भारावतात, त्याचा उगम इथे आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कर्करोगाने तो गेला, वय ४५. मागे ठेवलेल्या गिटारच्या ध्वनिमुद्रणांवर सहकाऱ्यांनी ‘कातोर्झ’ आणि ‘इन्फिनी’ या दोन रेकॉर्ड उभ्या केल्या. मेल्यावरही दोन रेकॉर्ड तोलून धरणारी गिटार, आणि तिचा धनी लोकांना माहीत नाही!

आजच्या काळात हा वारसा स्वीडनमधल्या उमेओच्या मेशुगा या बँडने पुढे नेला. त्यांचा गिटारवादक मोर्टेन हागस्ट्रॉम याचं नावही लोकप्रिय याद्यांत क्वचितच दिसतं. आठ तारांच्या गिटारवर विषम मात्रांचा एक तुकडा फिरत राहतो, खाली झांज मात्र साध्या चार मात्रा मोजत असते. दोन्हींची सम वेगळी पडत जाते आणि बऱ्याच आवर्तनांनी ती एकत्र येते. चक्रदार तिहाईवर वाढलेल्या कानाला हे सुख समजावून सांगायची गरज नाही. २००८चं ‘ब्लीड’ ऐकताना मला प्रत्येक वेळी वाटतं की या संगीतात अजून कितीतरी जागा शिल्लक आहे.

आता गाजलेल्यांकडे. एरिक क्लॅप्टन १९६६ ते १९७० या पाच वर्षांच्या पुण्याईवर अर्धशतक याद्यांत बसून आहे. इंग्वे माल्मस्टीनने १९८४ साली जे सांगितलं तेच तो आजवर सांगतो आहे. सॅट्रिआनी आणि वाय यांचं कसब निर्विवाद आहे आणि त्यांच्या रेकॉर्ड बहुतेक गिटारवादकच ऐकतात. ड्रॅगनफोर्सला व्हिडिओ गेमने मोठं केलं, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

जे खरोखर थोर आहेत त्यांचंही आपण चुकीच्या कारणासाठी कौतुक करतो. एडी व्हॅन हेलन म्हटलं की १९७८चं ‘इरप्शन’ आणि पडद्यांवर ठोकणारी दोन्ही हातांची बोटं आठवतात. पण ‘अनचेन्ड’ किंवा ‘पनामा’ ऐका, त्याच्या रिदममध्ये जी उसळी आहे ती त्याच्या एकाही नकलाकाराला साधली नाही. हेन्ड्रिक्सच्या पेटत्या गिटारीचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. तो मात्र लिटल रिचर्ड आणि आइझली ब्रदर्सच्या मागे उभा राहून, साथ करत तयार झाला होता. ‘लिटल विंग’मध्ये अंगठ्याने खालचा स्वर धरून कॉर्डच्या आतच तो सुरावट गुंफतो. याद्यांच्या माथ्यावर बसलेला माणूस स्वतः रिदमचा उस्ताद आहे, आणि याद्या करणाऱ्यांना त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही.

हे असं का होतं? सोलो कापून दाखवता येतो. तीस सेकंदांच्या चित्रफितीत तो पूर्ण मावतो, त्याला ढोलवादक लागत नाही, गाणं लागत नाही, बँड तर नाहीच नाही. रिदम चार माणसांच्या सहवासातून आणि वर्षानुवर्षांच्या तालमीतून येतं. खोलीत एकट्याने बसून, संगणकावरच्या ठोक्यांवर वाजवून, मग प्रत्येक आघात माउसने ओढून रेषेवर बसवून जे तयार होतं, त्यात चूक सापडत नाही आणि माणूसही सापडत नाही. अशा वादकांची एक पिढीच्या पिढी आज लाखो लोक पाहत आहेत. ते अफाट तयारीचे आहेत. पण त्यांच्यातल्या किती जणांचा रिफ अनोळखी माणसाला एकदा ऐकून गुणगुणता येईल?

रिदम सोपं, कुणालाही जमतं, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. विकृतीचं बटण निम्म्यावर आणा, ‘मास्टर ऑफ पपेट्स’ पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत फक्त खालच्या आघातांनी वाजवा आणि तिसऱ्या मिनिटाला आपल्या मनगटाला विचारा.

आपल्याकडेही हेच चालत आलं आहे. मुंबईच्या रंगभवनात १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकपासून ‘मूड इंडिगो’तल्या ‘लाइव्हवायर’पर्यंत, टाळ्या आणि आरोळ्या सोलोला राखून ठेवलेल्या. महाविद्यालयातल्या बँडमध्ये दुसरी गिटार कुणाला द्यायची? ज्याला सोलो येत नाही त्याला. गिटारच्या शिकवणीत मुलगा सहाव्या महिन्यात स्केल्स पळवू लागतो, पण त्याला ढोलवादकासमोर बसवून एकच कॉर्ड दहा मिनिटं लयीत वाजवायला कुणी लावत नाही. ज्या संस्कृतीत लयीचा एवढा विचार झाला, अर्ध्या मात्रेने सम चुकली तरी मैफलीत माना वर होतात, तिथल्या मुलांनी गिटार हाती घेताच लय विसरावी हे मला सहन होत नाही.

तेव्हा शिकवणाऱ्यांनी आधी छेडणारा हात शिकवावा, स्पर्धांच्या परीक्षकांनी रिदम गिटारला स्वतंत्र गुण द्यावेत आणि याद्या करणाऱ्यांनी प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: या माणसाचा सोलो काढून टाकला तर गाणं उभं राहतं का? आयोमी, मॅल्कम, हेटफिल्ड, इझी, पिगी या प्रश्नाला पुरून उरतात. पहिल्या दहात नेहमी दिसणारी निम्मी नावं उरत नाहीत. माझ्या मते रॉकने घडवलेला सर्वांत मोठा गिटारवादक मॅल्कम यंग आहे, आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’मधली ती शांतता वाजवून दाखवावी.