जाणत्या आवेगाची शोकात्मिका

प्रीतीचा आवेग विवेक हिरावून घेतो आणि म्हणून तो विनाशकारी ठरतो, अशी समजूत शोकात्म नाटकांच्या विवेचनात रूढ आहे. ऑथेल्लोला ती बऱ्याच अंशी लागू पडते. तो फसवला जातो. सत्य उमगते तेव्हा डेस्डिमोना जिवंत नसते. सावत्र मुलावर, हिपॉलिटसवर, अनुरक्त झालेल्या फीड्राच्या कथेवरील दोन श्रेष्ठ नाटके मात्र या समजुतीला तडा देतात. फीड्राला आपल्या आवेगाचे स्वरूप प्रथमपासूनच ठाऊक आहे.

युरिपिडीसच्या 'हिपॉलिटस'मध्ये (इ.स.पू. 428) ती अन्न वर्ज्य करून मरण पत्करू पाहते. योग्य काय ते माणसाला कळते, पण ते त्याच्या हातून घडत नाही, हे तिचे चिंतन आहे. दाई तिचे गुपित फोडते आणि हिपॉलिटसच्या तिरस्काराला तोंड फुटते. त्यानंतर फीड्रा गळफास घेते. मात्र त्याच्यावर बलात्काराचा खोटा आरोप करणारे पत्र मागे ठेवते. या पत्रामागे मुलांच्या नावलौकिकाची चिंता आहे, तसाच त्याच्या ताठ्याला धडा शिकवण्याचा हेतूही आहे. हिपॉलिटसचा बळी घेणारे हत्यार, म्हणजे, निव्वळ वासनेचे नाही. वासना झाकू पाहणाऱ्या प्रतिष्ठेचेही ते आहे.

रासीनने 'फेद्र'मध्ये (1677) हा आरोप दाईच्या तोंडी घातला. एवढी नीच कृती राणीला शोभणारी नाही, असे कारण त्याने प्रस्तावनेत दिले आहे. हा बदल औचित्यविचारातून झाला असे म्हणून थांबणे सोपे आहे. परंतु त्यामुळे नायिकेचा अपराध हलका होत नाही, सूक्ष्म होतो. चौथ्या अंकात ती थीसिअसकडे येते ती हिपॉलिटसचे प्राण वाचवण्यासाठी. एक वाक्य पुरले असते. तेवढ्यात हिपॉलिटसचे आरिसीवर प्रेम असल्याचे तिला कळते आणि ते वाक्य ओठांवर विरते. तिची मत्सराची जाणीवही पूर्ण आहे. आरिसीच्या नाशाची इच्छा मनात येताच ती स्वतःच शहारते. पाताळात न्यायदानास बसलेला पिता मायनॉस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. एवढे होऊनही हिपॉलिटस वाचत नाही. तिची कबुली येते ती तो मेल्यानंतर, अंगात विष भिनलेले असताना.

हा देवतेचा कोप आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. युरिपिडीसच्या नाटकात ॲफ्रोडाइटी स्वतः रंगमंचावर येऊन आपला बेत सांगते. रासीनच्या नाटकात व्हीनस कोठेही अवतरत नाही. तिचा कोप केवळ पात्रांच्या बोलण्यातून जाणवतो. देवता अशी मनात शिरल्यावर दैव आणि दायित्व यांच्यातील सीमारेषा पुसट होते. चौथ्या अंकातील ते मौन मात्र कोणत्याही देवतेच्या खाती टाकता येत नाही.

ॲरिस्टॉटलच्या विवेचनात अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणाऱ्या प्रवासाला महत्त्व आहे. 'फेद्र'ची नायिका स्वतःविषयीच्या ज्ञानापासून आरंभ करते, आणि ते ज्ञान तिच्या कामी येत नाही. आवेग येथे दृष्टी नष्ट करीत नाही. तो दृष्टी शाबूत ठेवून तिला निष्प्रभ करतो. 'शोकांतिका' या शब्दाऐवजी 'शोकात्मिका' हा शब्द का स्वीकारावा, याचे उत्तर या नाटकात मिळते. येथील शोक अंती येत नाही. पडदा उघडतो तेव्हा तो अगोदरच तेथे असतो.