वेड पांघरून न्यूयॉर्कला

‘ओव्हररेटेड’ हा शब्द हल्ली आपण सिनेमाला, बिर्याणीला, क्रिकेटपटूला आणि शहराला सारख्याच सहजपणे लावतो. न्यूयॉर्क ओव्हररेटेड, लास वेगास ओव्हररेटेड, लॉस एंजेलिस तर विचारूच नका, असं सांगणारी रील्स मी रात्री श्रीगोंद्यात अंथरुणावर पडून पाहतो. मी अमेरिकेला गेलेलो नाही, त्यामुळे टाइम्स स्क्वेअरमध्ये उभं राहून भ्रमनिरास करून घेण्याची संधी मला मिळालेली नाही. पण एक गोष्ट इथूनही दिसते. कुठलंही शहर स्वतःला रेटिंग देत नाही. ते देतात वर्णन करणारे. तेव्हा अमेरिकन शहरं ओव्हररेटेड आहेत का, हा प्रश्न आधी वर्णनांना विचारला पाहिजे. आणि वर्णनं मी भरपूर वाचली आहेत.

मराठीत या वर्णनांचा एक साचा पडून गेला आहे. त्याला आपण ‘अमेरिकावारी’ म्हणतो. दिवाळी अंकात, पदरमोड करून छापलेल्या पुस्तकात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेत आणि आता फेसबुकवर तो सापडतो. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला. आई-वडील पहिल्यांदाच विमानात. इमिग्रेशनच्या रांगेतली धडधड. मग स्वच्छ रस्ते आणि हॉर्न न वाजवणारे ड्रायव्हर. मग क्रमाने स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, व्हाइट हाउस, नायगारा, वेगासची रोषणाई, हॉलीवूडची पाटी. मध्ये महाराष्ट्र मंडळाचा गणपती. शेवटी आपला देश तो आपलाच. लेखकाचं नाव झाकलं तर एका वारीतून दुसरी वेगळी काढता येणार नाही.

‘वारी’ हा शब्द इथे कसा काय आला, याचं मला नवल वाटतं. पंढरीच्या वारीत चालणं हीच वारी असते. वाट, मुक्काम, सोबतीची माणसं, पायाचे फोड यांचीच आठवण वर्षभर पुरते. अमेरिकावारीत वाट नसतेच. गाडीत बसलो, उतरलो, फोटो काढला, पुन्हा गाडीत बसलो. सहा महिन्यांच्या मुक्कामातले पाच महिने लेकाच्या घरात, गाडी चालवता येत नाही म्हणून खिडकीशी बसून गेलेले असतात. त्यांच्यावर मात्र दोन ओळीसुद्धा नसतात.

आमच्या तालुक्यात भीमेकाठी पेडगाव आहे. तिथल्या बहादूरगडावर मोगलांचा सुभेदार बहादूरखान तळ ठोकून होता. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर मराठ्यांच्या एका तुकडीने त्याला झुलवत गडापासून लांब नेलं आणि दुसरीने मागच्या मागे खजिना आणि घोडे पळवले, असं सांगतात. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला म्हणे. सगळं ठाऊक असून काहीच ठाऊक नसल्याचं सोंग. अमेरिकावारीचा लेखक हेच सोंग घेतो. पुतळा त्याने हजार वेळा चित्रात पाहिलेला असतो, रांगेत पाय दुखलेले असतात, डॉलरला रुपयाने गुणून पोटात गोळा आलेला असतो. लिहिताना मात्र तो डोळे विस्फारतो. आणि वाचताना आपणही तेच वेड पांघरतो.

आता ती ठिकाणं तरी काय आहेत? टाइम्स स्क्वेअरला १९०४ साली नाव मिळालं ते तिथे कचेरी थाटणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वर्तमानपत्रावरून, आणि आज लोक तिथे जातात ते मुख्यतः जाहिरातींचे पडदे बघायला. हॉलीवूडची डोंगरावरची पाटी १९२३ साली उभी राहिली, ती ‘हॉलीवूडलँड’ नावाच्या प्लॉटिंगची जाहिरात म्हणून. आपल्याकडे हायवेलगत ‘एनए प्लॉट विकणे आहे’ असा फलक असतो, त्याच जातीची. लास वेगासची जी झगमगती स्ट्रिप आपण पाहतो, तिचा बहुतेक भाग तर वेगास शहराच्या हद्दीतही येत नाही. म्हणजे यादीतली निम्मी ठिकाणं जाहिरात म्हणूनच जन्मली किंवा जाहिरातीवर जगतात. जाहिरात बघायला सातासमुद्रापार जायचं आणि ती जाहिरातीसारखीच निघाली म्हणून रुसायचं, याला काय म्हणावं! ‘ओव्हररेटेड’ म्हणणारं रील आणि ‘मस्ट व्हिजिट’ म्हणणारं रील, दोघांच्या हातात यादी एकच असते. एक टिकमार्क करतं, दुसरं फुली मारतं.

या यादीच्या बाहेर उभं असलेलं एक मराठी पुस्तक आहे, आणि ते या साच्याच्या कितीतरी आधीचं आहे. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास तीन वर्षं त्या देशात राहिल्या, फिरल्या, बोलल्या. त्यांचं पुस्तक १८८९ साली मुंबईत निघालं. नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातला क्रम पाहा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यकारभार कसा चालतो, घरं कशी चालतात, शाळा कोण चालवतं, बायका संघटना कशा उभ्या करतात, धर्मादाय संस्थांचा कारभार कसा होतो, हे त्या विचारत जातात. त्यांना तो देश आवडला, हे लपत नाही. तरी काळ्या माणसांना मिळणारी वागणूक आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांनी कौतुकाच्या भरात झाकला नाही.

स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं अनावरण झालं २८ ऑक्टोबर १८८६ रोजी, म्हणजे रमाबाई अमेरिकेत असतानाच. त्या दिवशी मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी बोटीतून निषेध केला होता. स्वातंत्र्याची मूर्ती बाईची आणि मताचा हक्क मात्र बाईला नाही, हा त्यांचा मुद्दा. देशभरातल्या स्त्रियांना तो हक्क देणारी घटनादुरुस्ती व्हायला १९२० साल उजाडलं. ही गोष्ट ठाऊक असेल तर तो पुतळा आजही ओव्हररेटेड वाटणार नाही. ठाऊक नसेल तर तो एक मोठा हिरवा पुतळा आहे, बस्स.

रमाबाईंनी तिकडून काय आणलं, हे पाहायला आम्हाला लांब जावं लागत नाही. दौंडच्या पलीकडे केडगाव आहे, नगरचं नव्हे, पुण्याच्या रेल्वेमार्गावरचं. तिथलं मुक्ती सदन त्यांचं. अमेरिकेतल्या लोकांशी बोलून, तिथे मदतीची संघटना उभी करून त्या परतल्या आणि इथे काम सुरू केलं. चांगल्या प्रवासवर्णनाचा असाही शेवट असू शकतो.

श्रीगोंद्याच्या माणसाने अमेरिकन शहरात काय पाहावं, याचं माझं उत्तर आहे: पाणी. आम्ही कुकडीच्या डाव्या कालव्यावर जगणारे लोक. हा कालवा जुन्नरकडून येतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. आवर्तन कधी सुटणार, वरचे किती उपसणार, टेलपर्यंत काय पोचणार, यावर आमच्याकडे लग्नाच्या तारखा नसल्या तरी निवडणुका नक्की ठरतात. अशा माणसाला लॉस एंजेलिसची खरी गोष्ट सांगा. १९१३ साली त्या शहराने ओवेन्स खोऱ्यातलं पाणी सुमारे ३७५ किलोमीटरवरून, केवळ उताराच्या जोरावर, आपल्याकडे वळवलं. खोऱ्यातलं मोठं तळं काही वर्षांत कोरडं पडलं. १९२४ साली तिथल्या चिडलेल्या लोकांनी जलवाहिनीचा एक भाग सुरुंग लावून उडवला. हे ऐकल्यावर आमच्या पारावरचा कुठलाही म्हातारा हॉलीवूडची पाटी विसरून पुढे सरकून बसेल.

न्यूयॉर्कचंही तेच. त्या शहराच्या नळाला काही पाणी २०० किलोमीटरवरच्या डोंगरांतून येतं, तेही बहुतेक उतारानेच. त्यासाठी अशोकन नावाचा जलाशय बांधला तेव्हा गावं उठवली गेली आणि कबरीसुद्धा उकरून दुसरीकडे नेल्या. सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर फोटो काढतात, तिथे पूर्वी सेनेका व्हिलेज नावाची, मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती होती. बागेसाठी १८५७ साली ती हटवली. उजनीखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला गाईड लागत नाही.

आणि १९१३ सालीच, बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जे वाचलं, त्यातून ९ मे १९१६ रोजी तिथल्याच एका चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध मांडला. आपलं गाव ज्या गोष्टीवर उभं आहे, ती नीट मांडायला त्यांना ते शहर उपयोगी पडलं. सहल कंपन्यांच्या जितक्या यादी मी चाळल्या, त्यांत मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय होतं. कोलंबिया नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, माणूस आयुष्यभराची पुंजी मोडून सुट्टीला जातो, त्याला मजा करू द्या की. जरूर. नायगाराखाली भिजण्यात काही वाईट नाही आणि आई-वडिलांनी लेकीसोबत काढलेला फोटो कुठल्याही टीकेपेक्षा मोठा आहे. पण पर्यटक व्हिसाच्या अर्जालाच माणशी १८५ डॉलर पडतात आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. एवढं मोजून जाणाऱ्याला आपण हातात जाहिरातींची यादी देतो, ही आपल्या लेखनाची कंजुषी आहे. ज्यांचं तिकडे शिकायला जायचं चाललं आहे, त्यांचं नुकसान आणखी मोठं. ते शहराशी नव्हे, रीलशी लग्न ठरवून निघतात.

यादीची सवय फक्त अमेरिकेपुरती राहत नाही. पेडगावची जी रील्स माझ्या फोनवर येतात, त्यांत वेशीचा दरवाजा, ड्रोनमधून तटबंदी आणि मागे ढोल असतो. आतली जुनी देवळं, त्यांचे कोरीव खांब क्वचित दिसतात. गडाला लागून वाहणारी भीमा तर कुणी विचारतच नाही. जो घराजवळचा गड यादीनेच पाहतो, तो मॅनहॅटन वेगळ्या नजरेने कसं पाहणार?

तेव्हा माझा निकाल असा: पाहण्याची ठिकाणं म्हणून ही शहरं ओव्हररेटेड आहेत, आणि विचारण्याची ठिकाणं म्हणून त्यांचं मोल आपण अजून केलेलंच नाही. तुमच्या घरी कुणी अमेरिकेहून आलं, तर काय काय पाहिलं हे विचारू नका. तिथल्या नळाला पाणी कुठून येतं, पहाटे कचरा कोण उचलतं, आणि गाडी नसलेली म्हातारी माणसं दुपारी कुठे जाऊन बसतात, हे विचारा. उत्तर आलं तर ते लिहून काढायला सांगा. तसलं प्रवासवर्णन मी पैसे देऊन विकत घेईन.