वैरातून प्रणय : एका कथाबीजाची पूर्वअट

परस्परांना प्रतिस्पर्धी मानणारी दोन माणसे अखेरीस परस्परांवर अनुरक्त होतात, हे प्रणयप्रधान कथात्म साहित्यातील एक टिकाऊ कथाबीज आहे. मराठी समीक्षेने त्याची दखल घेतली ती बहुधा 'रंजनवाद' किंवा 'साचेबंदपणा' अशा शेऱ्यांपुरतीच. हे बीज कोणत्या सामाजिक अटींवर रुजते, हा अधिक मूलगामी प्रश्न त्यामुळे बाजूला राहिला. महाड-पोलादपूर परिसराचा इतिहास समोर ठेवला असता तो प्रश्न टाळता येत नाही.

वैर, स्पर्धा आणि विषमता या तीन संकल्पना येथे वेगळ्या करावयास हव्यात. स्पर्धेत दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर हक्क सांगतात आणि एकमेकांचा तो हक्क मनोमन मान्यही करतात. वैरातही प्रतिपक्षाला तुल्यबळ मानलेले असते. 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधील दोन घराणी प्रतिष्ठेने समान आहेत, म्हणूनच त्यांचे वैर प्रेमाच्या मार्गातील अडथळा ठरू शकते. विषमतेत मात्र एक पक्ष दुसऱ्याला प्रतिस्पर्धी म्हणूनही स्वीकारत नाही. समकक्षता ही या कथाबीजाची पूर्वअट आहे, ती अशी.

कृ. प्र. खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' (१९११) या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. श्रीमंत भामिनी धैर्यधराला निर्धन शिपाई म्हणून नाकारते. दुखावलेला धैर्यधरही तिला नाकारतो. पुढे ती वनमाला या नावाने, सामान्य स्त्रीच्या वेषात त्याच्यासमोर येते आणि अनुराग जुळतो. येथील अंतर संपत्तीचे व मानाचे आहे. वेष पालटून ते ओलांडता येते आणि वेष उतरल्यावर विवाहास बाधा येत नाही. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन'ने (१९३१) रूढ केलेल्या तंत्रविचारात गुंतागुंत आणि उकल यांना जे महत्त्व आले, त्यालाही अशी उकलता येणारी गाठच सोयीची होती. न उकलणाऱ्या गाठीचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या तंत्रविचाराच्या कक्षेबाहेर राहिला.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड आणि जावळीचा मुलूख लागतो. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी मोऱ्यांकडून घेतली. दोन मराठा घराण्यांचे हे वैर कादंबरीकाराला प्रणयकथेची भूमी म्हणून सहज खुणावणारे आहे. ते स्वाभाविकही आहे. कारण घराण्यांत रक्त सांडले तरी सोयरिकीची शक्यता त्या समाजात पुसली जात नव्हती. अशा कथेत लेखकाला फक्त वैर मिटवावयाचे असते. विवाहाची संमती समाजरचनेने आधीच दिलेली असते.

महाडमध्ये ही संमतीच वादाचा विषय झाली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. हे प्रतिस्पर्ध्याशी केलेले वर्तन नव्हे. प्रतिस्पर्धी होण्याचा हक्कच येथे नाकारलेला आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेतील भाषणात आंबेडकरांनी प्रश्न पाण्यापुरता ठेवला नाही. बेटीबंदी हे अस्पृश्यतेचे मूळ असल्याची मांडणी त्यांनी केली. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन'विषयक निबंधातही आंतरजातीय विवाहाला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले. लोकप्रिय कादंबरी जो विषय खाजगी भावनेचा मानते, तो महाडच्या मंडपात सार्वजनिक न्यायाचा विषय म्हणून मांडला गेला होता. तळ्यावरील हक्काचा दावा उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघाला. बेटीबंदीचा निकाल न्यायालयाकडून लागणारा नव्हता.

विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' (१९८३) या अवघड प्रदेशात शिरते. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी विवाह करते आणि त्या संसारात हिंसा भोगते. नाटकावर दलित प्रतिमेच्या विपर्यासाचा आक्षेप घेतला गेला, तो गंभीर आहे. परंतु प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे, की नाथांच्या लेखी अरुण हा त्यांच्या ध्येयवादाचा प्रयोग आहे. त्यांच्याशी बरोबरीने भांडणारा माणूस म्हणून तो त्यांना दिसतच नाही. समकक्षतेची अट तेथे उदारतेनेच मोडली आहे.

यावरून एक निकष सुचवावासा वाटतो. महामार्गावरील दोन दुकानदारांची, महाविद्यालयातील दोन वक्त्यांची किंवा निवडणुकीतील दोन घरांची प्रणयकथा वाचताना समीक्षकाने विचारावे : येथे दिसणारी स्पर्धा मिटल्यावर विवाह आपोआप शक्य होतो काय? होत असेल, तर दोघांची जात लेखकाने आधीच एक धरलेली असण्याचा संभव मोठा आहे, मग ती संहितेत उच्चारलेली असो वा नसो. आडनावे, देवघर, स्वयंपाकघर, लग्नाची बोलणी यांच्या तपशिलांतून हे गृहीत शोधता येते. या कथाबीजाचा त्याग करावा असा याचा अर्थ नाही. दोन माणसांनी एकमेकांशी बरोबरीने झगडावे आणि त्यातूनच एकमेकांना ओळखावे, ही त्यातील कल्पना मौलिक आहे. मात्र ती बरोबरी गृहीत न धरता कथेला मिळवावी लागली, तरच महाडच्या भूमीवर ते बीज प्रामाणिकपणे रुजेल.